बंपरमागे वाकायला काय होतं?

भर मे महिन्यात रत्नागिरीत घामाच्या धारा, आणि गाडीतल्या आरशावरचा तापमान-कंपासचा डिस्प्ले म्हणतो बाहेर १२ अंश! गॅरेजवाल्यांचं पालुपद ठरलेलं: "डिस्प्लेचं युनिट गेलं, बदला." अरे, तापमानाचा सेन्सर त्या युनिटमध्ये नसतोच! तो बहुतेक गाड्यांत असतो पुढच्या ग्रिल-बंपरमागे. खाऱ्या हवेने त्याच्या वायरच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, विजेला होणारा रोध वाढतो. या सेन्सरचा रोध थंडीतच वाढतो, म्हणून गाडीला वाटतं बाहेर गारठा आहे. वायरच तुटली तर बऱ्याच गाड्या थेट उणे ४० दाखवतात.

कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पिना घासा, पूर्ण सुकू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत न शिरू देणारं, वीज न वाहणारं) लावा. पाण्याचा जेट मारून धुऊ नका, पाणी आतच बसतं. तरीही आकडा चुकला तर सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर तपासा. २५ अंशाला किती ओहम हवेत ते मॉडेलगणिक बदलतं, मॅन्युअल बघा. मग खुशाल सेन्सर बदला, पण नुसता सेन्सर!

आणि कंपास भरकटला तर आधी मोबाइलचा चुंबकी होल्डर काढा. मग पत्र्याच्या शेडपासून, लोखंडी पुलापासून लांब, मोकळ्या मैदानात कॅलिब्रेशन (कंपास नव्याने जुळवण्याचा) मोड लावून हळू गोल फेऱ्या मारा. एवढं केल्याशिवाय नव्या युनिटचे पैसे मागूच कसे शकतात हे लोक?