कासला यायचं तर मुक्काम साताऱ्यातच करा

कासच्या फुलांच्या पठारावरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की साताऱ्यात राहायची धड सोय नाही, त्यामुळे कास बघायचं तर महाबळेश्वरला उतरावं. साताऱ्याचा माणूस म्हणून हे अजिबात पटलं नाही. कास साताऱ्यापासून जेमतेम २५ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढलात की पोचलातच. सप्टेंबरात फुलं बघायची तर सकाळी लवकर पठारावर असायला हवं, आणि ते साताऱ्यात राहिलात तरच जमतं.

मात्र आपल्याकडे 'हॉटेल' अशी पाटी असली तरी आत बऱ्याचदा फक्त मिसळ आणि चहा मिळतो. राहायचं असेल तर 'लॉज' कुठे आहे ते विचारा. फोटोंवर तर मुळीच जाऊ नका. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीनं फोटोतली फुलं बघून पैसे भरले. प्रत्यक्षात खोली हायवेला चिकटून, रात्रभर ट्रकचे हॉर्न, गाद्यांना पावसाळी कुबट वास आणि गरम पाणी फक्त सहा ते सात. शेवटी दुसऱ्या दिवशी सगळे आमच्याच घरी आले!

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, आधी फोन करा. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, गाडी आत लावता येते का, पहाटे निघताना गेट कोण उघडेल, हे विचारा. नीट उत्तर देणारा मालक सहसा खोलीही नीट ठेवतो. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांनी कोयना जलाशयाकाठच्या बामणोलीत राहावं, बोट तिथून सुटते. सज्जनगडावर भक्तनिवास आहे, साधं पण शांत.