‘96 टक्के सायनस बुरशीमुळे’ या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेलो, तेव्हा तिच्या औषधांच्या डब्यात नाकाचा स्प्रे नव्हता आणि त्याच्या जागी इट्राकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या गोळ्यांची पट्टी होती. नाकात मांस वाढल्यामुळे तिला कित्येक वर्षे कसलाच वास येत नव्हता; त्याच स्प्रेने तिला फोडणीचा वास पुन्हा येऊ लागला होता. तो तिने बंद केला एका फिरत्या संदेशामुळे. त्याचे म्हणणे असे: जुनाट सायनस 96 टक्के रुग्णांना बुरशीमुळे होतो, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकने सिद्ध केले आहे, म्हणून बुरशीची गोळी घ्या, स्प्रे सोडा कारण त्याची सवय लागते, नळाच्या कोमट पाण्याने जलनेती करा आणि ऑपरेशन टाळा, कारण आजार परत येतोच.

96 हा आकडा खरा आहे, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. मेयो क्लिनिकच्या 1999 च्या अभ्यासात 210 पैकी 202 रुग्णांच्या नाकातील स्रावात बुरशी आढळली होती. मात्र त्याच अभ्यासात तुलनेसाठी तपासलेल्या 14 निरोगी माणसांपैकी 14 जणांच्या नाकातही ती आढळली, हे संदेशात कुठेच नाही. आपण श्वास घेतो त्या हवेतच बुरशीचे बीजाणू असतात. ते नाकात सापडणे म्हणजे आजाराचे कारण सापडणे नव्हे. पुढे, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांवर केलेल्या चाचणीत 116 रुग्णांपैकी काहींनी अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाने आणि बाकीच्यांनी औषधाविना द्रावणाने तीन महिने नाक धुतले, आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. बुरशीमुळे होणारे सायनसचे काही आजार आहेत, हे मान्य करावेच लागेल. 2021 मधील काळ्या बुरशीची धास्ती महाराष्ट्र विसरलेला नाही. पण ते निदान तपासणीतून होते, आणि यकृताला इजा करू शकणारी गोळी केवळ एका संदेशावरून सुरू करणे मला अक्षम्य वाटते.

नळाच्या पाण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयुक्तच आहे आणि डॉक्टरही ते सांगतात. परंतु 2011 मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यात घरच्या नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया या अमीबामुळे मृत्यू झाला. हा अमीबा पाण्यासोबत पोटात गेल्याने हा आजार होत नाही, नाकावाटे गेला तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. पाणी केवळ कोमट करून भागत नाही. ते किमान एक मिनिट खळखळून उकळावे आणि मग निववून वापरावे.

सवय लागते ती चोंदलेले नाक झटपट मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिनसारख्या थेंबांची, आणि तीही ते बरेच दिवस वापरत राहिल्यास. मावशीचा स्प्रे मोमेटासोनचा, म्हणजे नाकातील दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा आहे. त्याची तशी सवय लागत नाही.

ऑपरेशनबाबत संदेशात अर्धे सत्य आहे. दुर्बिणीतून काढलेले मांस अनेकांना पुन्हा वाढते, कारण शस्त्रक्रियेने सायनसची तोंडे मोकळी होतात, आतील दाह मुळापासून जात नाही. तो आटोक्यात ठेवण्यासाठी ऑपरेशननंतरही जो स्प्रे चालू ठेवावा लागतो, नेमका तोच हा संदेश बंद करायला सांगतो.