देवाची योजना आणि माझी पोटरी

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर चपला शोधत होते, तेवढ्यात मंडळीतल्या एका काकांनी गाठलं. सलाम झाला, तब्येत झाली. मग माझ्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "बाई, देवाने ह्या दुखण्यासाठी तुलाच का निवडलं ठाऊक आहे? तुझ्या तोंडून साक्ष व्हावी म्हणून. पुढच्या रविवारी पाच मिनिटं बोल." मी हसले. हसले, ह्याचाच आता जास्त राग येतोय.

तीन वर्षं झाली डायलिसिसला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. हातातल्या फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीला, कान लावला तर मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येतो. त्या कुशीवर झोपलं की रात्रभर उशीतून तोच. दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा आणि आमटी. प्रभुभोजनाचा इवलासा पेलासुद्धा मी हिशेबात धरते, हसू नका. आणि हे सगळं का, तर मला रविवारी पाच मिनिटं बोलता यावं म्हणून? मग देवाशी माझं वेगळं बोलणं व्हायचंय.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मशीनवर असताना पोटरीत असा गोळा आला की मी ओरडले. सिस्टर पलीकडच्या पेशंटपाशी अडकलेल्या. भेटायला आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या होत्या, आयुष्यभर बायबलवूमन म्हणून, बायकांना बायबल सांगत, खेडोपाडी फिरलेल्या. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करतील. त्यांनी पर्स खाली ठेवली, चादर वर केली, टाच एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने चवडा माझ्याकडे दाबून धरला. गोळा उतरेपर्यंत सोडला नाही. एक शब्द नाही. जाताना पायावर चादर नीट खोचून गेल्या.

बायबलमधल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवतात ना? सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले. तिथवर सोन्यासारखी माणसं. तोंड उघडलं, त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले आणि घात झाला. शेवटी देव कुणावर रागावला, ईयोबावर की त्यांच्यावर? हे आपण संडे स्कूलपासून शिकतोय, आणि तरी हॉस्पिटलात गेलो की त्या मित्रांतला अलीफज होतो.

काकांनी दुपारी व्हॉट्सअॅपवर डॉ. मेरी वर्गीसही पाठवल्या. मोठीच बाई, त्यात वाद नाही. वेल्लोरची तरुण डॉक्टर, १९५४ साली गाडीचा अपघात, कंबरेखाली सगळं गेलं. तरी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आली. वेल्लोरचं पुनर्वसन केंद्र उभं राहिलं १९६६ ला. मधली बारा वर्षं मात्र फॉरवर्डमध्ये दोन ओळींत संपतात. त्या बारा वर्षांत ती किती वेळा रडली असेल, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

हो, बायबलमध्ये प्रेषित पौल म्हणतो अशक्तपणात सामर्थ्य पूर्ण होतं. म्हणतो, नाकारत नाही. पण तो स्वतःच्या शरीरातल्या काट्याबद्दल बोलतोय, शेजाऱ्याच्या नव्हे! आणि तेही तीनदा 'काढून टाक' म्हणून विनवणी केल्यावर. जन्मांध माणसाचंही तेच. तो आंधळा का जन्मला, पाप कुणाचं, ते येशूच्या शिष्यांना हवं होतं. (माझ्याही बाबतीत एका नातेवाईक बाईंनी "घराण्यात कुणी काही केलंय का" विचारलंच.) प्रभूने एका वाक्यात तो विषय संपवला, देवाची कार्यं दिसावीत म्हणून, एवढंच म्हणाला, आणि लगेच त्याच्या डोळ्यांना लावायला थुंकून चिखल कालवायला बसला. आपण ते एक वाक्य पाठ केलं. चिखलात हात कोण घालणार?

भात लावून आले. जरा शांत झालेय.

काकांची बायको कॅन्सरने गेली, हे लिहायचं राहिलं. तेव्हा त्यांनाही कुणीतरी हीच 'योजना' सांगितली असेल आणि तिलाच धरून ते आजवर उभे असतील. त्यांच्या हातातून ती काढून घ्यायची माझी इच्छा नाही. फक्त माझ्या हातात कोंबू नका. माझा हात आधीच सुयांनी भरलेला असतो.

आणि आता जे लिहितेय ते काकांच्या मुद्द्याला पुरावा म्हणून वापरू नका. गेल्या महिन्यात शेजारच्या बेडवर एक पोरगा आला, विशीचा असेल, पहिलीच वेळ. तिसऱ्या तासाला त्याच्या पोटरीत गोळा आला. त्याची आई नुसती "देवा, देवा" करत कावरीबावरी झाली. मला उठता येत नव्हतं, दोन्ही नळ्या लागलेल्या. मी तिथूनच ओरडले, "ताई, टाच धरा! चवडा त्याच्याकडे दाबा, सोडू नका!" तिने धरला. सुटला गोळा. नंतर घाम पुसत मला विचारते, "तुम्ही आधी नर्स होता का?"

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी रडले, पण ते रडणं नेहमीचं नव्हतं. ह्यासाठीच होतं का सगळं? माहीत नाही. एका पोटरीसाठी दोन मूत्रपिंडं, हा सौदा मला तरी महागच वाटतो. पण मावशींना सांगायला गेले. त्यांना आता ऐकू येत नाही, तर हाताने खूण करून दाखवलं. त्यांनी माझी टाच धरल्यासारखी हवेत धरली आणि दात नसलेलं हसल्या.

काका, तुम्ही हे वाचणार आहात, माहीत आहे. रविवारचं जमणार नाही. उद्या सकाळी सहाची शिफ्ट आहे, या. जाड मोजे आणलेत तर बरं, एसी फार असतो.