पाण्यातली पिवळी पावडर

आमच्या चिकूचा कल्चर रिपोर्ट परवा हातात आला. चिकू म्हणजे आमचा कॉकटेल, तुरेवाला छोटा पोपट. कागदावर अँटिबायोटिकांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे एकच अक्षर. एस असेल तर औषध लागू पडेल, आर असेल तर जंतू त्याला दाद देणार नाहीत. टेट्रासायक्लिनपुढे आर होता. त्याखाली आणखी चार आर. मला रडू आलं, कारण तीच टेट्रासायक्लिनची पिवळी पावडर मी दोन वर्षं त्याच्या पाण्यात टाकत होते.

माझं माहेर परळचं, बैलघोडा हॉस्पिटलापासून चालत दहा मिनिटांवर. मुक्या जीवांनाही डॉक्टर असतो हे लहानपणापासून बघितलेलं. तरी चिकू पिसं फुलवून बसला की मी फोन करायचे तो दुकानदाराला. "ताई, चिमूटभर पावडर टाका, तीन दिवसांत बरा होतो." व्हायचाही. मग मी पुडी बंद करून ठेवायचे.

आजारी पक्षी मुळात पाणीच कमी पितो. त्यात पिंजऱ्याला समुद्रफेण टांगलेला, त्यातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं. म्हणजे रक्तात उतरायचं ते अर्धवट. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि सगळी जागा त्यांची होते. कमी डोसाने जंतू निर्ढावतात हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलंय.

आणि हे पिंजऱ्यात थांबत नाही. प्लाझमिड म्हणून डीएनएचं एक छोटं कडं असतं. औषधाला पुरून उरण्याची युक्ती त्यावर असेल, तर एक जंतू ती दुसऱ्याला देतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. आता आपलं मुंबईचं घर बघा. ट्रे धुवायचा तो स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये. सासूबाई चिकूला हाताने भिजवलेले मूग भरवतात आणि त्याच हाताने कणीक मळायला घेतात. त्या ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना डायबेटिस आहे. उद्या त्यांना लघवीचा संसर्ग झाला आणि त्यांच्या रिपोर्टावर असेच आर आले तर?

२०१९ मध्ये सरकारने कोंबड्यांसाठी कोलिस्टिन वापरायला बंदी घातली, कारण माणसाच्या अगदी शेवटच्या औषधांपैकी ते एक. चांगलंच केलं. पण गॅलरीतल्या पिंजऱ्याबद्दल आपण कधी बोलणार? 'पक्ष्यापेक्षा टेस्ट महाग' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. जीव घरात आणला तेव्हा त्याचं दुखणंही आणलंच की.

मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. सिटॅकोसिस, म्हणजे पोपटांचा ताप, झाला तर डॉक्टर साधारण ४५ दिवस डॉक्सीसायक्लिन देतात, आणि तो आजार माणसालाही होतो. तिथे औषध हवंच. पण वजन करून, तपासून, पूर्ण दिवस. आणि दुकानदाराकडून तर नाहीच नाही. तो दाणे विकतो, तो काही डॉक्टर नाही.

चिकूला सध्या दिवसातून दोनदा बिनसुईच्या सिरिंजने चोचीच्या कडेने औषध देते. टॉवेलात गुंडाळलं तरी मान झटकतो, थेंब माझ्या चष्म्यावर उडतात. डॉक्टरांनी सांगितलेले अजून सहा दिवस बाकी आहेत. आज सकाळी मात्र शेजारच्या कुकरला त्याने शिट्टी मारून उत्तर दिलं, तीन आठवड्यांनी.