बायपोलर आजार एमआरआयमध्ये दिसतो का? एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने एक संदेश व्हॉट्सअॅपच्या गटागटांतून पुढे पाठवला जात आहे. त्यात मेंदूची दोन चित्रे शेजारी-शेजारी आहेत. ‘निरोगी’ असे लिहिलेला मेंदू सगळीकडे करडा आहे, तर ‘बायपोलर’ असे लिहिलेल्या मेंदूवर निळे-जांभळे डाग आहेत. खालचा मजकूर असा : बायपोलर आजार आता एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडी प्रश्नांवर विसंबू नका, आधी स्कॅन करून घ्या, या आजारात मेंदू आक्रसत जातो आणि तो पुन्हा भरून येत नाही, हे आक्रसणे मुख्यतः गोळ्यांमुळे होते. बायपोलर म्हणजे उन्मादाचे (मन आणि अंगातला जोर असाधारण चढण्याचे) आणि नैराश्याचे झटके येणारा मनोविकार. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे या आजारावर उपचार घेत आहे आणि हा संदेश आमच्या घरी तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

आधी जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. बायपोलर रुग्णांच्या मेंदूच्या रचनेत सरासरीने काही फरक आढळतात आणि ते चांगल्या संशोधनातून पुढे आले आहेत. अनेक देशांतील संशोधन-गटांनी आपापली स्कॅन एकाच पद्धतीने मोजून निष्कर्ष एकत्र करायचे, असा ‘एनिग्मा’ नावाचा उपक्रम २००९ पासून चालू आहे. त्याच्या बायपोलर गटाने २०१६ साली १,७१० रुग्ण आणि २,५९४ निरोगी व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. रुग्णांमध्ये स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आणि संवेदनांचे संदेश पुढे पोचवणारा थॅलॅमस हे भाग सरासरीने थोडे लहान, तर मेंदूतील द्रवाने भरलेल्या बाजूच्या पोकळ्या थोड्या मोठ्या आढळल्या. पुढच्या, साडेसहा हजार व्यक्तींच्या अभ्यासात मेंदूचा बाहेरचा थर कपाळामागच्या, कानशिलाजवळच्या आणि माथ्याकडच्या काही भागांत किंचित पातळ असल्याचे दिसले.

आता चित्रातील रंगांविषयी. रचनेच्या एमआरआयमध्ये रंग नसतात. तेथे फक्त काळ्या, करड्या आणि पांढऱ्या छटा असतात. शोधनिबंधांतील रंगीत नकाशे संगणकाने काढलेल्या एका नमुना-मेंदूवर रंगवलेले असतात, आणि दोन गटांच्या सरासरीत कोठे किती फरक पडला एवढेच त्यांतील रंग सांगतात. म्हणजे संदेशातला तो डागाळलेला मेंदू कोणाही एका माणसाचा नाही.

शिवाय हा फरक किती लहान आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. हिप्पोकॅम्पसचे उदाहरण घेऊ. एक रुग्ण आणि एक निरोगी व्यक्ती अशा शंभर जोड्या लावल्या, तर २०१६ च्या त्या आकड्यांनुसार सुमारे ५६-५७ जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल आणि उरलेल्या ४३-४४ जोड्यांत निरोगी व्यक्तीचा. बाहेरच्या थराची जाडी तर सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास असते आणि नेहमीच्या स्कॅनमधील एकेक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो. तेव्हा मोजायचा फरक त्या ठिपक्याहूनही पुष्कळ लहान असतो. त्यात यंत्र बदलले की मोजमाप बदलते, आणि तपासणीच्या वेळी डोके हलले की थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. उन्मादाच्या भरात असलेल्या माणसाला त्या खडखडणाऱ्या नळीत निश्चल पडून राहणे किती अवघड जाते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या अडचणीचे वजन सांगावे लागणार नाही.

‘आधी स्कॅन करून घ्या’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तेरा ठिकाणच्या ३,०२० व्यक्तींची स्कॅन, त्यांत ८५३ रुग्णांची, संगणकाला शिकवून त्याला रुग्ण ओळखायला लावण्याचा एक मोठा प्रयत्न झालेला आहे. त्याची अचूकता सुमारे ६५ टक्के भरली, आणि ज्या ठिकाणची स्कॅन त्याने आधी पाहिलीच नव्हती तेथे ती ५९ टक्क्यांच्या जवळ आली. नाणेफेकीत ५० टक्के मिळतात. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आयुष्यात कधीतरी हा आजार होणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आहे. रुग्ण ओळखण्यात आणि निरोग्यांना वगळण्यात, दोन्हींकडे ६५ टक्के अचूकता धरून हजार माणसांची स्कॅन केली, तर पाच रुग्णांपैकी तिघे सापडतील आणि त्यांच्याबरोबर सुमारे ३४८ निरोगी माणसांवर हाच शिक्का बसेल. भरीस भर म्हणजे हिप्पोकॅम्पसचे सरासरी आकारमान नैराश्यातही थोडे कमी आढळते आणि स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणाऱ्या मनोविकारात) तर बायपोलरपेक्षा अधिक कमी आढळते. तेव्हा तो लहान दिसला तरी त्यावरून आजाराचे नाव ठरवता येत नाही.

याची उलट बाजू आम्ही भोगली आहे. भावाला पहिला उन्माद झाला तेव्हा तो आठवडाभर रात्री दोन-दोन तास झोपत होता आणि उधारीवर कॅमेरे मागवत होता. घरच्यांच्या आग्रहाखातर एमआरआय काढला. अहवालात ‘मेंदूत लक्षणीय दोष नाही’ असे लिहून आले, आणि ते तसेच येणे अपेक्षित होते. मोठ्या काकांनी ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाले, “डोकं तर ठणठणीत आहे. मग हे सोंगच म्हणायचं की!” त्या एका वाक्यावर भावाने गोळ्या सोडल्या आणि तीन महिन्यांत त्याला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. ‘स्कॅनमध्ये दिसतो’ असे ठासून सांगणारा प्रत्येक जण, ज्यांच्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही अशा बहुसंख्य रुग्णांना खोटे ठरवत असतो.

मनोविकारतज्ज्ञ एमआरआय सांगतातही, पण त्याची कारणे निराळी असतात. उतारवयात प्रथमच उन्माद झाला, फिट आली, डोक्याला मार लागला किंवा एखाद्या अंगातली शक्ती गेली, तर गाठ, पक्षाघात किंवा दुसरा एखादा मेंदूचा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी ही तपासणी लागते. बायपोलरचे निदान मात्र ज्यांना संदेश ‘तोंडी प्रश्न’ म्हणून हिणवतो त्यांवरच होते. भावाच्या डॉक्टरांनी आईला विचारले होते, “इतकं कमी झोपून सकाळी तो थकलेला दिसतो का?” तो थकलेला दिसत नव्हता. झोपेची गरजच कमी होणे, आठवडाभर किंवा अधिक काळ मन आणि अंगातला जोर असाधारण चढलेला असणे, बोलण्याचा आणि खर्चाचा ताबा सुटणे, या खुणा आजही कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक सांगतात.

गोळ्यांबद्दलचे विधान तर उपलब्ध पुराव्याच्या बऱ्याच अंशी विरुद्ध आहे. बाहेरच्या थराच्या त्याच मोठ्या अभ्यासात लिथियम हे बायपोलरवरचे औषध घेणाऱ्या रुग्णांचा थर न घेणाऱ्यांपेक्षा जाड आढळला. फिटवरची काही औषधे आणि भास-भ्रमांवरची (अँटिसायकोटिक) औषधे घेणाऱ्यांमध्ये तो पातळ आढळला, हेही येथे सांगितले पाहिजे. पण ही औषधे कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांचा आजार अधिक तीव्र त्यांना अधिक औषधे मिळतात, त्यामुळे थर आजाराने पातळ झाला की गोळीने, हे अशा एकवेळच्या मोजणीतून वेगळे काढता येत नाही. लिथियमचा काही परिणाम स्कॅनच्या संकेतावरच होत असावा, अशी शंकाही संशोधकांनी घेतली आहे. लिथियमने मूत्रपिंड आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्तातील त्याची पातळी आणि ठरावीक काळाने या दोन्ही अवयवांच्या तपासण्या करतात. संदेश वाचून ते एकाएकी बंद केले तर उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात लिथियमइतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांमागे आहे.

राहिले ते ‘आक्रसत जातो’. एकाच व्यक्तीचे काही काळाने पुन्हा स्कॅन घेऊन ३०७ रुग्ण आणि ९२५ निरोगी व्यक्तींचा अभ्यास झाला आहे. रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या अधिक वेगाने मोठ्या झाल्या, पण बाहेरचा थर सगळीकडे अधिक वेगाने झिजला असे दिसले नाही. दोन भागांत तर तो निरोग्यांपेक्षा सावकाश पातळ झाला. दोन स्कॅनच्या मधल्या काळात ज्यांना उन्मादाचे झटके अधिक आले, त्यांच्यात मात्र तो, विशेषतः कपाळामागे, अधिक वेगाने पातळ झालेला आढळला. यावरून झटक्यांमुळेच झीज होते असे सिद्ध होत नाही, पण झटके टाळणे हे तसेही आमच्या घरातले पहिले काम आहे. भावाच्या उशाशी एक वही असते, तीत तो रोज झोपेचे तास लिहितो. सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली, की तो आमची वाट न पाहता डॉक्टरांना स्वतःच फोन करतो.