पडदे तेवढे नीट ओढून घ्यावेत

खासगी गोष्टी खासगी ठेवण्याची विद्या आपल्याकडे घराघरांत पूर्वापार चालत आलेली आहे. पगाराचा आकडा सख्ख्या भावाला सांगायचा नाही, फ्लॅट केवढ्याला पडला असे कोणी विचारलेच तर ‘बसला आपल्या बजेटमध्ये’ यापुढे जायचे नाही, मुलीला पाहायला आलेली मंडळी उठून जाईपर्यंत समोरच्या बिऱ्हाडाला सुगावा लागू द्यायचा नाही आणि संध्याकाळी दिवे लावताच खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे, हे संस्कार ज्यांच्यावर झाले, त्यांना इंटरनेटवर कसे वागावे हे खरे तर वेगळे शिकवायला नको. तरीही काही वाचक अजून बुजतात आणि कोणी नंबर मागितला की ‘कशासाठी?’ असे विचारून बसतात, म्हणून हे चार शब्द.

घरात उपवर मुलगा किंवा मुलगी असल्यास प्रारंभ परिचयपत्रापासून करावा. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंतची जन्मवेळ, जन्मगाव, रक्तगट, वार्षिक पॅकेज, स्वतःच्या मालकीच्या घराचा पत्ता, गावाकडची शेती, वडिलांचा मोबाइल नंबर आणि ‘मामेकुळ’ या ठळक मथळ्याखाली आजोळचे आडनाव, गावासकट, अवश्य द्यावे. मग ही पीडीएफ ज्ञातीच्या पाच-सहा वधू-वर ग्रुपांवर टाकावी. त्या ग्रुपांवरच्या शेकडो सभासदांपैकी लग्नाचे नेमके कोण आहे, हे ॲडमिनलाही सांगता येत नाही. पुढे कधी एखाद्या खात्याचा पासवर्ड विसरला आणि ‘तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय?’ हा गुप्त प्रश्न समोर आला, तर उत्तर आठवण्याचा ताण पडत नाही. ते जिल्हाभर पोहोचलेले असते. लग्न जमले, नातवंडे झाली, तरी परिचयपत्र फिरतच राहते. भावाला पगार कळतो तो तिथूनच, पण आपण सांगितलेला नसतो, ही महत्त्वाची बाब.

वाढदिवस उघडपणे साजरा करण्यामागेही विचार आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारची फाइल उघडण्यासाठी आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि पुढे जन्मसाल एवढाच पासवर्ड लागतो. नाव सर्वांना ठाऊक असतेच. जन्मसालाची तेवढी अडचण राहते. पन्नाशीच्या केकवर पाच आणि शून्य या आकड्यांच्या मेणबत्त्या लावून, फोटो स्टेटसला ठेवला, की वजाबाकी येणाऱ्या कोणाचीही तीही अडचण दूर होते.

पण या सर्व साधनेचे तीर्थक्षेत्र म्हणजे तहसील कचेरीसमोरचे झेरॉक्सचे दुकान. काउंटरवर चिकटपट्टीखाली एक व्हॉट्सॲप नंबर असतो, त्यावर आपले आधार, पॅन, बँकेचे पासबुक असे जे काय असेल ते पाठवायचे. दुकानदाराच्या संगणकावर आपली फाइल सर्वांत वर येते आणि तिच्याखाली कोणाचा सातबारा, कोणाचा जातीचा दाखला, कोणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट अशी वस्ती असते. परवा माझी फाइल शोधताना त्यांनी आधी दोन अनोळखी माणसांची पॅनकार्डे उघडली. ‘काका, हे तुम्हीच का?’ असे विचारल्यावर मीही मान वाकडी करून दोन्ही फोटो न्याहाळले आणि ‘नाही, त्याच्या खालचे’ असे सांगितले. मग पासवर्ड विचारला गेला. तो यंत्राच्या घरघरीतही ऐकू जाईल अशा बेताने सांगावा लागतो. मी सांगितला. मागच्या गृहस्थांनी आनंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला: ‘अरे वा, म्हणजे आपण एकाच सालचे!’

प्रिंट हातात पडल्यावर ‘आता फाइल डिलीट करा’ असे म्हणण्याचा करंटेपणा मात्र करू नये. मी तो केला. ‘काका, आम्ही काय करणार तुमच्या आधारचं?’ असे त्यांनी विचारले, आणि रांगेतल्या सात-आठ जणांनी माझ्याकडे असे पाहिले की मी सुटे पैसेही परत न घेता निघालो.

पहिले आठ अंक झाकलेले आधार मिळते, असे कोणी सांगू लागल्यास लक्ष देऊ नये. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या छायाप्रती वाटत सुटू नका, झाकलेली प्रत वापरा, असे पत्रक काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे असे कळवण्यात आले. आपले तारतम्य झेरॉक्सच्या दुकानात पाहिलेच. दुकानदारांनी बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, ही ग्राहक व्यवहार खात्याची २०२३ सालची सूचनाही तशीच. पाव किलो शेंगदाण्यांसाठी कोण वाद घालणार?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ मध्ये कायदाही झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली असावी, अशी अट आहे. आपण ‘मला मान्य आहे’वर इतक्या मोकळेपणाने बोट ठेवतो की अर्धी अट तिथेच पुरी होते.

एवढे सगळे केल्यावर एखाद्या दुपारी व्हिडिओ कॉल येईल. पडद्यावर गणवेशातले साहेब असतील. ते आपले नाव, आधार क्रमांक, पत्ता आणि आजोळचे आडनावही वाचून दाखवतील, आणि इतकी माहिती सरकारवाचून कोणाकडे असणार, या विचाराने आपले हातपाय गार पडतील. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असून तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे, असे ते सांगतील. अशी अटक भारतीय कायद्यात मुळी नाहीच, किंवा १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, असले विचार त्या वेळी मनात आणू नयेत. साहेबांची अट एवढीच असते, की कॉल चालू ठेवायचा, खोलीबाहेर पडायचे नाही आणि घरातल्यांनाही काही बोलायचे नाही. इथे लहानपणापासूनचे संस्कार कामी येतात. दाराला आतून कडी लावावी, पडदे नीट ओढून घ्यावेत आणि आवाज अगदी हलका ठेवावा. समोरच्या बिऱ्हाडात निवृत्त फौजदार राहतात; त्यांना तर मुळीच कळता कामा नये.