आयपी पत्त्यांचे नियम कोणी ठरवायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं योग्य वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयपी पत्ते (इंटरनेटवर डेटा कुठे पोचवायचा ते सांगणारे क्रमांक) सगळ्यांचे, पण त्यांचे नियम बड्या कंपन्यांचे मूठभर इंजिनिअर ठरवतात. मतदान नाही, गप्प बसलेल्यांची संमती गृहीत धरली जाते. त्यापेक्षा हे काम सरकारांकडे सोपवावं.

आधी सरकारांबद्दल. एपनिक (आशिया-प्रशांत), रायप (युरोप, मध्यपूर्व), एरिन (उत्तर अमेरिका), लॅकनिक (लॅटिन अमेरिका) आणि आफ्रिनिक (आफ्रिका) या पाच प्रादेशिक संस्था मुळात एक नोंदवही सांभाळतात: पत्त्यांचा कोणता गट कोणाच्या नावावर आहे. त्या गटाकडे जाणारा डेटा पुढे पाठवायचा की नाही, हे जगभरातले नेटवर्क चालवणारे आपापल्या राउटरवर ठरवतात. त्यांनी नोंदवही मानली नाही, तर ती कागदावरच राहते. सरकारचा हुकूम त्याच्या हद्दीपुरता चालतो. उद्या दोन देशांनी एकच गट दोन वेगळ्या कंपन्यांना दिला, तर काही नेटवर्क डेटा इकडे पाठवतील, काही तिकडे. ज्यांनी नियम पाळायचा त्यांनाच तो पटवून देण्यावाचून इथे पर्याय नाही. सरकारांना या चर्चेत यायला कोणी अडवत नाही, त्यांनी यावंच. फक्त शेवटचा शब्द त्यांचा असू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ‘मूठभर’ लोकांबद्दल. आयपीव्ही४, म्हणजे पत्त्यांची जुनी पण अजूनही वापरात असलेली पद्धत, तिच्यात एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच संस्थांना एकेक असे वाटले गेले. आशिया-प्रशांत विभागाच्या वाट्याला आलेल्या अशा एका गटात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते असतात. एखाद्या मोठ्या मोबाइल कंपनीने तो सहज संपवला असता. पण साठा संपायच्या आधीच एपनिकच्या समुदायाने, म्हणजे तिथल्या खुल्या चर्चेत भाग घेणाऱ्यांनी, सहमतीने ठरवून ठेवलं होतं की शेवटच्या गटातून कोणालाही जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळतील, कंपनी कितीही मोठी असो. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आणली. विचार करा, हा नियम कोणासाठी होता? ज्या कंपन्या तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी. आणि तो केला कोणी, तर ज्यांना त्यातून सर्वात कमी मिळणार होतं त्यांनी! मला ही प्रक्रिया मोलाची वाटते ती यामुळे.

मतदान नसण्याचंही कारण आहे. डोकी मोजायची ठरवली, तर पैसेवाली कंपनी पन्नास माणसं आणून बसवेल. सहमतीच्या पद्धतीत एकाच माणसाचा गंभीर आक्षेपसुद्धा प्रस्ताव अडवू शकतो, मात्र त्यामागे कारण हवं. ‘मला आवडलं नाही’ एवढं पुरत नाही.

मौनाचा तुमचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मला छळतोही. चर्चा इंग्रजीत, तीही तांत्रिक. लहान गावात नेटवर्क चालवणाऱ्याला त्यासाठी वेळ कुठून मिळणार? तो गप्प राहिला म्हणजे त्याला पटलं, असं मानणं अन्यायाचं आहे.

ही पद्धत कोलमडते, याला तुम्ही आफ्रिनिकचा दाखला दिलात. तिथे संचालक मंडळात निर्णय घ्यायला लागणारी किमान सदस्यसंख्याच उरली नाही, प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेलं, २०२३ मध्ये रिसीव्हर (न्यायालयाने नेमलेला कारभारी) नेमावा लागला. हे वाईटच झालं. पण मोडला तो संस्थेचा कारभार. समुदायाने एखाद्या धोरणावर एकमत केलं, तरी त्याला मंजुरी देणारं मंडळच जागेवर नव्हतं.

एपनिकमध्ये धोरणाचा प्रस्ताव मांडायला सदस्यत्व लागत नाही. शिवाय धोरणं कशी ठरवायची याचे नियमही याच पद्धतीने बदलता येतात. मौनाला संमती धरू नये, हा तुमचा मुद्दा प्रस्ताव म्हणून मांडा. मसुदा मराठीत लिहून पाठवा, तो इंग्रजीत मांडायला मी मदत करेन.